घरची गाडी : इंडिकेटर काय सांगतो, ते ऐका



पावसाळा तोंडावर आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो. या वेळी तो कल्याणच्या एका भगिनींनी विचारला आहे. त्या लिहितात, "आमची गाडी दहा वर्षांची आहे. डावा इंडिकेटर दिला की फार जोरजोरात टकटक ऐकू येते. उजव्या बाजूला सगळे ठीक आहे. एका गॅरेजमध्ये दाखवले, तर मागची सगळी वायरिंग बदलावी लागेल म्हणाले. बकरी ईदला गावी, खेडला जायचे आहे. एवढा खर्च खरोखरच करावा लागेल का? आणि तसेच गेलो तर चालेल का?"

दोन प्रश्न आहेत, म्हणून दोन उत्तरे. वायरिंगचा खर्च बहुधा करावा लागणार नाही. आणि तसेच जाणे मात्र चालणार नाही.

दुसऱ्या उत्तराचे कारण आधी सांगतो. कल्याणहून पत्रीपूल ओलांडून शीळफाट्याकडे जाताना आपल्या डाव्या-उजव्या बाजूला काय काय असते, ते आठवा. रिक्षा, बस, दुचाकी, आणि फाट्यापाशी मुंब्रा बायपासने येणारे-जाणारे कंटेनर. न्हावा-शेवा बंदर आणि भिवंडीची गोदामे यांच्यामधली बरीच जड वाहतूक याच टापूतून जाते. डाव्या कडेने पुढे सरकणारा दुचाकीस्वार आपल्याला आरशात दिसतोच असे नाही. पावसात, रात्री, हेल्मेटच्या काचेवर पाणी असताना त्याला आपल्याबद्दल एकच गोष्ट कळू शकते, ती म्हणजे मागचा नारिंगी दिवा. तो लुकलुकला तर तो वेग कमी करतो, नाही लुकलुकला तर पुढे येतो. आणि चालकाला स्वतःच्या जागेवरून कधीच न दिसणारा दिवाही हाच. आत टकटक ऐकू येते, बाण लुकलुकतो, म्हणून आपल्याला वाटते आपण इशारा दिला. मागच्याच्या दृष्टीने आपण न सांगता वळलेलो असतो. रस्त्यावर चालणाऱ्याचाही आपल्यावर हक्क असतो. हा दिवा त्याच्यासाठी असतो, आपल्यासाठी नव्हे.

आता पहिल्या उत्तराकडे येऊ. जोरात होणारी टकटक हा बिघाड नसून बिघाडाची खबर आहे. ती समजण्यासाठी वीज कोणत्या वाटेने जाते, एवढे माहीत असले तरी पुरे. बॅटरीतून वीज फ्यूजमध्ये येते, तिथून फ्लॅशरमध्ये जाते. फ्लॅशर म्हणजे वीज चालू-बंद, चालू-बंद करणारी छोटी डबी. तिथून स्टेअरिंगखालच्या दांडीपर्यंत. दांडी खाली-वर केली की वीज डाव्या किंवा उजव्या बाजूच्या दिव्यांकडे वळते. दिवा पेटवून ती गाडीच्या पत्र्यात उतरते आणि पत्र्यामार्फत बॅटरीकडे परत जाते. या परतीच्या वाटेला गॅरेजमध्ये 'अर्थ' म्हणतात. जायची वाट जितकी महत्त्वाची, तितकीच परतीची. इंडिकेटरच्या कितीतरी तक्रारी या परतीच्या वाटेवरच्या असतात, आणि तिकडे सर्वांत शेवटी पाहिले जाते.

साध्या बल्बच्या गाडीत पुढचा आणि मागचा इंडिकेटर साधारण २१ वॅटचा असतो, बाजूला छोटा ५ वॅटचा. १२ व्होल्टच्या गाडीत २१ वॅटचा एक बल्ब पावणेदोन अँपिअर वीज घेतो. म्हणजे एका बाजूला मिळून चार अँपिअरच्या जवळपास. एक मोठा बल्ब गेला की हा आकडा सव्वादोनवर येतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला हा फरक कळतो आणि तो मुद्दाम दुप्पट वेगाने टकटक करू लागतो. "या बाजूचा एक दिवा गेला आहे, उतरून पाहा," असे तो सांगत असतो. गाडी बनवणाऱ्यांनी ही सोय चालकासाठीच ठेवली आहे.

जुन्या पिढीच्या गाड्यांत फ्लॅशर वेगळा असे. डोंबिवलीकरांना कल्याण-शीळ रस्त्यावरचे प्रीमियर ग्राउंड माहीत आहे. ते नाव प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनीच्या कारखान्यावरून आले, आणि १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ ही गाडी इथल्याच कारखान्यातून बाहेर पडत असे. त्या आधीच्या काळातल्या गाड्यांच्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी असायची. विजेने तापली की ती वाकायची आणि वीज तोडायची, थंड झाली की पुन्हा जोडायची. एक बल्ब गेला की पट्टी पुरेशी तापत नसे. मग लुकलुकणे मंद व्हायचे, कधी दिवा नुसताच पेटून राहायचा. म्हणून घरातले वडीलधारे "इंडिकेटर हळू झाला म्हणजे बल्ब गेला" म्हणत असतील, तर तेही खरेच आहे. त्यांची गाडी तसे सांगायची, आपली गाडी उलट सांगते.

इंडिकेटरचा वेग किती असावा, हे कायद्यातच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. घड्याळ धरून दहा सेकंद मोजा. १० ते २० वेळा झाला तर ठीक. त्याच्या वर गेला तर खाली दिलेली तपासणी करा.

पंधरा मिनिटांची तपासणी

यासाठी दोन माणसे हवीत, एक आत आणि एक बाहेर. मुलांना हे काम फार आवडते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून उभी करा. एकटेच असाल तर संध्याकाळी गाडीची पाठ भिंतीकडे करून लावा. भिंतीवर नारिंगी उजेड दोन्ही बाजूंना सारखा पडतो का, ते आरशात दिसते.

आधी चारही इंडिकेटर एकदम लावायचे लाल त्रिकोणाचे बटण दाबा. याला आपल्याकडे बरेच जण पार्किंग लाईट म्हणतात. बहुतेक गाड्यांत हे किल्ली न लावताही चालतात. गाडीभोवती एक फेरी मारा. पुढचे दोन, मागचे दोन, बाजूचे किंवा आरशावरचे दोन. कोणता पेटत नाही, कोणता मंद आहे, ते कागदावर लिहा. मग बटण बंद करा, किल्ली लावा आणि आधी डावा, मग उजवा इंडिकेटर देऊन पुन्हा तशीच फेरी मारा. आता हातातला कागद वाचू या.

एका बाजूचा एकच दिवा पेटत नाही आणि ती बाजू जोरात टकटक करते. हा सर्वांत नेहमीचा प्रकार, आणि वरच्या पत्रातलाही बहुधा हाच. किल्ली बंद करा, दिवा थंड होऊ द्या. मागच्या दिव्यापर्यंत डिकीच्या आतून हात पोहोचतो, किंवा दोन स्क्रू काढले की पूर्ण दिवा बाहेर येतो. बल्ब थोडा आत दाबून डावीकडे फिरवला की निघतो. आतली तार तुटलेली किंवा काच काळवंडलेली दिसली तर निदान झाले. दिसत नसेल तर दुसऱ्या बाजूचा चांगला बल्ब इथे लावा आणि हा तिकडे. बिघाड बल्बबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब खराब. बिघाड जागेवरच राहिला तर बल्ब चांगला, आणि होल्डर, वायर किंवा अर्थ खराब. एवढ्या एका अदलाबदलीने अर्धे काम होते.

नवा बल्ब घेताना जुना सोबत न्या. पांढऱ्या काचेच्या आणि नारिंगी काचेच्या बल्बांच्या बाजूच्या खिळ्या वेगळ्या जागी असतात. दोन तारांचा, म्हणजे ब्रेक आणि टेल लाईटचा बल्बही दिसायला तसाच असतो. सहज बसत नसेल तर जोर लावू नका, तो बल्ब त्या जागेचा नाही.

सगळे दिवे पेटतात, तरी टकटक जोरात आहे. मग कमी वॅटचा बल्ब लावलेला असेल, किंवा साध्या बल्बच्या जागी एलईडी लावला असेल. एलईडी फार कमी वीज घेतो. फ्लॅशरला वाटते दिवाच नाही. काही दुकानदार यावर रेझिस्टर जोडून देतात. तो चांगलाच तापतो, आणि प्लास्टिकजवळ बसवला तर धोका असतो. कंपनीने दिला तोच बल्ब परत लावणे सर्वांत सोपे. एलईडीही नसेल तर एखाद्या दिव्याचा उजेड मंद आहे का, ते पाहा. मंद उजेड म्हणजे गंजलेला होल्डर किंवा कमजोर अर्थ.

इंडिकेटर दिला की टेल लाईटही त्याच्याबरोबर लुकलुकते, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटतो. हे पाहून लोक घाबरतात, पूर्ण वायरिंग एकमेकांत मिसळली असे समजतात. प्रत्यक्षात त्या दिव्याची परतीची वाट बंद झालेली असते. एका दिव्याच्या सगळ्या बल्बांना अर्थ बहुधा एकच असतो. तो सुटला की वीज शेजारच्या बल्बमधून उलटी वाट काढते आणि नको ते दिवे पेटतात. तपासणी सोपी आहे. वायरचा एक तुकडा घ्या, एक टोक होल्डरच्या अर्थच्या जोडणीला आणि दुसरे गाडीच्या रंग नसलेल्या पत्र्याला किंवा बोल्टला लावा. दिवे लगेच नीट वागू लागले तर दोष अर्थचाच. अर्थची वायर जिथे पत्र्याला बोल्टने आवळलेली आहे, तो बोल्ट काढा, जागा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, पुन्हा घट्ट आवळा आणि वरून थोडे व्हॅसलिन लावा. पाणी लागणार नाही.

चारही इंडिकेटर एकदम लावले तर चालतात, पण वळणाचे इंडिकेटर चालत नाहीत. यावरून कळते की बल्ब, मागची वायरिंग आणि बहुतेक गाड्यांत फ्लॅशरही ठीक आहे. मग फ्यूज पाहा. तो चांगला असेल तर दांडीचा स्विच. काही गाड्यांत वळणाच्या इंडिकेटरची वीज त्या त्रिकोणी बटणातूनच जाते आणि बटण वर्षानुवर्षे न वापरल्याने आतले संपर्क काळे पडतात. ते दहा-पंधरा वेळा दाबून सोडा. कधीकधी तेवढ्यानेच इंडिकेटर परत येतो. मात्र तसे झाले तर तो स्विच आता थकला आहे, असे समजून ठेवा.

काहीच चालत नाही, ना इंडिकेटर ना चारही दिवे. आधी फ्यूज. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात त्याची जागा दिलेली असते. फ्यूज चांगला असेल तर फ्लॅशर. दिवे पेटतात पण लुकलुकत नाहीत, असे असेल तरी फ्लॅशरच. नव्या गाड्यांत वेगळा फ्लॅशर नसतो. हे काम गाडीचा छोटा संगणक करतो आणि टकटक आवाजही स्पीकरमधून येतो. अशा गाडीत बल्ब आणि फ्यूज यांपलीकडे घरी हात घालू नये.

कधी चालतो, कधी नाही. खड्ड्यातून गेल्यावर बंद पडत असेल तर होल्डर सैल आहे. पावसानंतर बंद पडत असेल तर दिव्याच्या काचेच्या आत पाणी किंवा वाफ दिसते का, ते पाहा. दिव्याचा रबर फाटला की आत पाणी शिरते आणि होल्डरवर हिरवट-पांढरी भुकटी जमते. ती खरवडून दिवा पुरता कोरडा करा आणि रबर बदला. नुसता बल्ब बदलला तर पुढच्या पावसात तोही जाईल. उंदरांकडेही लक्ष द्या. गाडी गटाराजवळ किंवा कचऱ्याच्या डब्याजवळ बरेच दिवस उभी असेल, तर ते वायरचे वेष्टण कुरतडतात.

आणि वळण संपल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नाही, ही तक्रार विजेची नव्हेच. स्टेअरिंगच्या आत दांडीला मागे ढकलणारा एक प्लास्टिकचा तुकडा असतो, तो झिजलेला असतो. तोपर्यंत हाताने बंद करायची सवय ठेवा. विसरलेला इंडिकेटर न दिलेल्या इंडिकेटरइतकाच फसवा.

काय करू नये

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा लावा. मोठा फ्यूज, तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून काम भागवू नका. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो उडायचे थांबला की वायर जळते, आणि ती वायर आपल्या मुलांच्या सीटखालून गेलेली असते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर पत्र्याला घासते आहे. तिथे आपले काम संपले, वायरमनला बोलवा.

वायरमनकडे गेलात तर "इंडिकेटर खराब आहे" एवढेच सांगू नका. "मागचा डावा पेटत नाही, बल्ब अदलाबदल करून पाहिला, अर्थ वायरने देऊन पाहिला तर पेटतो," असे सांगा. चांगला कारागीर खूश होतो, कारण त्याचा वेळ वाचतो. आणि कोणी पूर्ण वायरिंगचा खर्च सांगितला तर नम्रपणे विचारा, "भाई, कोणती वायर खराब आहे, टेस्ट लॅम्प लावून दाखवता का?" टेस्ट लॅम्प म्हणजे दोन वायर जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब. वीज कुठवर येते आणि कुठे थांबते, हे तो डोळ्यांसमोर दाखवतो. दोष दाखवून मग काम करणाऱ्याला त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

जुनी गाडी विकत घेताना हीच तपासणी आणखी उपयोगी पडते. २६ जुलै २००५चा पूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. जुलै २०१९मध्ये उल्हास नदीच्या पाण्याने महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकून पडली, तेही आठवत असेल. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत करता येते. होल्डरमधली हिरवी भुकटी, डिकीच्या कोपऱ्यातला चिखल आणि ब्रेकबरोबर लुकलुकणारा इंडिकेटर मात्र सहज लपत नाहीत. सौदा करण्याआधी मागचा एक दिवा उघडून पाहायला सांगा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती पुढे वाढवताना गाडीची तपासणी होते, आणि दिवे त्यात येतात.

आणखी एक सवय आपण सर्वांनी सोडायला हवी. चालत्या गाडीत, जोराचा पाऊस आला म्हणून किंवा चौकात सरळ जायचे म्हणून चारही इंडिकेटर लावणे. चारही लुकलुकत असताना आपण कोणत्या बाजूला वळणार, हे मागच्याला कळतच नाही. एकच बाजू दिसली तर तो वळणाचा इशारा समजतो. ते दिवे उभ्या, बंद पडलेल्या गाडीसाठी आहेत. पावसात हेडलाईट लावा, वेग कमी करा.

खेडला जाणाऱ्या भगिनींनी निघण्याआधी बल्बची अदलाबदल करून पाहावी, मग अर्थ. शीळफाट्यावरून पनवेल आणि पुढे कशेडीपर्यंतचा प्रवास लांबचा आहे. म्हणून इंडिकेटरचा एक जादा बल्ब, दोन फ्यूज आणि एक स्क्रू ड्रायव्हर डिकीत ठेवावा. वाटेत दिवा गेलाच, तर दिवसा उजेडी लर्निंग लायसन्ससाठी पाठ केलेले हाताचे इशारे कामी येतात. उजवीकडे वळताना उजवा हात सरळ बाहेर, तळवा पुढे. डावीकडे वळताना उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. अंधार पडल्यावर मात्र पहिल्या दुकानापाशी थांबून बल्ब बदलूनच पुढे जावे.

महिन्यातून एका रविवारी गाडीभोवती ही फेरी घराची सवय होऊ द्या. गाडी चालवायला शिकत असलेल्या मुलीला किंवा मुलाला कागद-पेन्सिल घेऊन बाहेर उभे करा आणि स्वतः आत बसा. पुढच्या महिन्यात मुलांना आत बसवा आणि आपण बाहेर उभे राहा. बाहेर उभे राहिले की मागून येणाऱ्याला आपली गाडी कशी दिसते, ते कळते.

पुढील अंकात, इन्शाअल्लाह, वायपर आणि काचेवरच्या धुक्याबद्दल. आपले प्रश्न पाठवत राहा. गाडीचे मॉडेल आणि वर्ष लिहायला विसरू नका.